दहा अक्षरांची वाटणी

हिंगणी
१६ सप्टेंबर २०२४

ती. देवकाताईंना,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

आमी इकडं खुशाल हाओ. पत्र पाहून हसू नका. फोन केला का दोघींचेही नवरे कान टवकारतात, म्हणून म्हटलं पोस्टच बरं.

ताई, दसऱ्याले आमच्या नव्या दुकानाचा मुहूर्त हाय अन् पाटीचं घोडं अजून अडूनच हाय. 'महादेव कापड दुकान', मामंजीनं आपल्या हातानं सागवानातून कोरलेली दहा अक्षरं. जीन्स ठेवाच्या का नाई यावरून आमचे हे अन् तुमचे हे भांडले, वेगळे झाले, इथपरेंत ठीक. पण माल अर्धा, फळ्या अर्ध्या, त अक्षरंही अर्धी म्हणून चिठ्ठ्या टाकणारे भाऊ साऱ्या जिल्ह्यात हेच दोघं! कापड मोजाचा लोखंडी गज करवतीनं कापला जात नव्हता म्हणून वाचला.

आमच्या वाट्याले आले म, दे, का, ड, न. हे म्हणतात, लावीन त बाबाच्या हातचीच अक्षरं, पेंटरले हात लावू देणार नाई. रोज जेवण झालं का अक्षरं खाटेवर मांडून शब्द शोधून राह्यले. आतापरेंत 'कान', 'काम' अन् 'मका' निघाले. कापडाच्या दुकानावर 'मका' लावलं त लोक पोते घेऊन येतील. तुमाले काही सुचलं त कळवा.

खरं सांगू का ताई, पाटीचं काय, ती होईल कशीबी. मुहूर्ताले मोठा भाऊ नसला त ह्यांच्या घशाखाली पेढा उतरणार नाई. तोंडानं बोलत नाईत, पण मले दिसते ना.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची मोहिनी


आष्टी
२२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. मोहिनीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून तोंडात पदर कोंबून हसली. मग पेपरच्या कागदाचे पाच तुकडे केले, त्यावर तुमची अक्षरं लिहिली अन् भाकरी थापता थापता जुळवत बसली. तुझे भासरे, म्हंजे आमचे हे, पेपराआडून पाहून राह्यलते. मी 'मन' म्हटलं त नुसतं हूं केलं. थोड्या वेळानं पेपर न हटवताच म्हणतात, 'मकान' बी होते. मी विचारलं, कशातलं? त म्हणे कशातलं नाई, शब्दकोडं सोडवून राह्यलो. अवं, शब्दकोड्याचंच त पान फाडून मी तुकडे केलते!

जिद्द दोघाइचीबी सारखीच. इकडंही भिंतीवर जुन्या पाटीचे खिळेच हायेत. हा, व, प, दु, का, याचं काय करावं ते ह्याइलेही सुचून नाई राह्यलं. पण 'मकान' सांगतलं तवा आवाज नरम होता, हे मी कानानं ऐकलं. तू धीर धर. माह्या दिराले, कैलासभाऊंना, आशीर्वाद सांगजो, अन् उपाशी नको ठेवू त्याइले.

तुझी ताई, देवकाबाई


हिंगणी
२९ सप्टेंबर २०२४

ती. देवकाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

'मकान' ह्याइले लय आवडलं. पण म्हणे लोक भाड्याची खोली मागाले येतील! मग दादापाशी काय होते म्हणून तुमची पाच अक्षरं कागदावर मांडली अन् पहिलाच शब्द निघाला 'हाव'. खोखो हसले. मले म्हणे, पाहा, बाबाले आधीच माहीत होतं. अन् मग एकदम कागद चुरगाळून चुलीत टाकला अन् न जेवताच निजले. मले लय वाईट वाटलं.

हे भासऱ्याइले बिलकूल सांगू नका हं ताई. आधीच आग, त्यात तेल नको.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
मोहिनी


आष्टी
७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. मोहिनीस,
अ. उ. आ.

कप्पाळ माह्यं! पोस्टमननं तुझं पत्र दुकानातच देल्लं अन् ह्याइनं वाचलं. रात्री अर्धी भाकरी ताटात तशीच. मी म्हटलं, झालं, आता जन्माचा अबोला.

सकाळी पाह्यलं त पाचही अक्षरं पुढ्यात घेऊन ओसरीवर बसेल होते. मी घाबरतच चहा ठेवला. त म्हणे, बरोबर शोधलं पोट्ट्यानं, माह्यंच चुकलं, मीच हाव करून बसलो. त्याच्या 'का' अन् 'ड'च्या मधात लागणारा 'प' माह्यापाशी हाय, चिठ्ठ्या उघडल्या त्याच दिवशी मले दिसलतं. मी म्हटलं, मग तुमच्या पाटीचं? त म्हणे, बाबाच्या काळापासून लोक इथं येऊन राह्यले, त्याइले पाटी वाचा लागत नाई.

अन् मग विचारलं, वर्ध्याहून हिंगणीची गाडी किती वाजता राहते. तू काहीच माहीत नसल्यावाणी कर. पुरणात जायफळ टाकजो, त्याइले आवडते.

तुझी आनंदानं रडणारी,
देवकाबाई


हिंगणी
१४ ऑक्टोबर २०२४

ती. देवकाताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या दुखऱ्या गुडघ्यानं घोटाळा केला, येऊ देल्लं नाई, नाईत तुमीबी पाह्यलं असतं. दसऱ्याच्या सकाळी भासरे दारात उभे, दुपट्ट्यात 'प' गुंडाळेल होता. हे सोनं द्यायले वाकले ते पाय सोडेचनात. मग हे शिडीवर, भासरे खाली शिडी धरून. 'ड' वाकडा लावला म्हणून असे वरडले का साऱ्या हिंगणीले कळलं, भाऊ आला. पाटी झाली, 'कापड'.

ह्याइनं गुपचूप आपला 'न' त्याइच्या थैलीत टाकला. तुमच्या 'दु' अन् 'का'ले जोडा. आष्टीले 'दुकान', हिंगणीले 'कापड'. लोकाइले हसू द्या.

जेवल्यावर आमचे उरलेले 'म' अन् 'दे' खाटेवर पडले होते. भासऱ्याइनं संगं आणलेले 'हा' अन् 'व' थैलीतून काढले अन् त्याच्यासंगं मांडले. मामंजीचं नाव पुरं झालं. जायच्या वक्ती ह्याइनं चारही अक्षरं त्याइच्या थैलीत भराले घेतली, त भासऱ्याइनं हात धरला. म्हणे, बाबा माह्यापाशी लय दिवस राह्यले, आता तुह्यापाशी राहू दे.

दिवाळीले आमी येतो. जिव्हाळा असू द्या.
तुमची मोहिनी