त्याच्या बिल्डमधल्या माझ्या दोन ओळी

४ मार्च

माफ कर गं वही, किती महिने तुला उघडलंच नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही — होतं ते लिहवत नव्हतं. नवऱ्याची नकाशांची कचेरी बंद पडली, घरातलं बोलणं आटलं, तसं इथलंही आटलं.

आज मात्र लिहिते. एका कंपनीनं त्याला चाचणीचं काम दिलंय! सत्तेचाळिसाव्या वर्षी, घरी बसून जावा ही संगणकाची भाषा शिकलेल्या माणसाला! शुक्रवार संध्याकाळपर्यंत पाठवायचं. पसंत पडलं तर मुलाखत.

माझं तर पोटच बिल्डवर चालतं — कोड जुळवून चालता प्रोग्राम बनवायचा, हीच माझी नोकरी. म्हणून त्यानं आधीच तंबी दिली — "तू बघायचं नाहीस हं. अडलो तर मीच विचारीन."

"नाही बघत," म्हटलं.

लेक म्हणाली, "बाबा, आईच्या डोळ्यांवर पट्टी बांध. मान बघ तिची, जिराफ झालीये."

५ मार्च

फोडणीकडे लक्ष नाही, कान त्याच्याकडे. स्क्रीनवर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली की तो नाक खाजवतो. आज नाकही लाल.

६ मार्च

पाहिलं. शेवटी पाहिलंच! तो दूध आणायला गेला होता, लॅपटॉप उघडा.

काम तसं साधं. मेव्हन हे बिल्ड करणारं साधन; त्याचं प्लगइन एका वर्णनाच्या फाइलवरून जावाचे क्लास, म्हणजे कोडच्या फाइली, आपोआप तयार करतं. प्लगइननं तारखेसाठी दिलेला टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, नवऱ्याला चालेना. तर यानं काय केलं — तयार झालेला क्लासच हातानं दुरुस्त केला! टार्गेट फोल्डरमध्ये, जिथलं सगळं बिल्ड स्वतःच तयार करतं! आणि दुरुस्ती पुसली जाऊ नये म्हणून प्लगइनला बजावलं, वर्णन बदललं नसेल तर पुन्हा तयार करू नकोस. त्याच्या मशीनवर सगळं हिरवं, म्हणजे पास. पण ते फोल्डर पाठवायच्या कामात जातच नाही. तिकडे कंपनीत क्लास नव्यानं तयार होणार आणि बिल्ड कोसळणार.

हसू आलं, पण पुढे वाचत गेले. इतकं नीटनेटकं केलं होतं! जागोजागी बारीक टिपा, त्याच्या नकाशांवर असायच्या तशा.

मग पॉम फाइलमध्ये, जिथे बिल्डच्या सूचना असतात, मी दोन ओळी घातल्या — तारखेला कुठला टाइप द्यायचा ते प्लगइनला सांगणाऱ्या. बिल्ड चालवलं. हिरवं. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या.

७ मार्च

दिवसभर स्वतःशी भांडण. सांगितलं तर म्हणेल, उपकार नकोत. नाही सांगितलं तर नोकरी लागेल ती कुणाची? मदत केली मी, की तुला जमणार नाही असं त्याच्या पाठीमागे म्हणून टाकलं?

संध्याकाळी त्यानं पाठवलं. इस्त्रीचा शर्ट घालून!

"बाबा, ईमेलमध्ये शर्ट दिसत नाही."

"मला दिसतो ना."

मी त्याची कॉलर नीट केली.

११ मार्च

उत्तर आलं! "आमच्याकडे पहिल्याच फटक्यात बिल्ड झालं. सोमवारी भेटायला या." त्यानं दोनदा वाचून दाखवलं. लेक त्याच्या गळ्यात पडली. मी टाळ्या वाजवल्या. पहिल्याच फटक्यात — ते कुणामुळे?

१२ मार्च

सांगितलं. भांडी विसळताना, पाठमोरी उभी राहून. त्यानं पुढे होऊन नळ बंद केला.

"माहितीये. ओळीच्या सुरुवातीला मी स्पेस देतो. त्या दोन ओळींना टॅब होते."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. आधी रागच आला होता, काढूनच टाकल्या. मग वाटलं, ही उगाच हात लावणार नाही, कुठेतरी नक्की मोडलंय. टार्गेट पुसून सगळं नव्यानं बिल्ड केलं, तर धाडकन आपटलं. मुकाट्यानं तुझ्या ओळी परत घातल्या. तरी आपटलं!"

"काय?"

"टाइप कुठला ते सांगितलंस. तो आणायचा कुठून, ते कोण सांगणार? इम्पोर्टची ओळ राहिली, बाईसाहेब! शुक्रवारी तू ऑफिसात होतीस, दुपारभर वाचत बसलो तेव्हा सापडली."

म्हणजे मी पाहिलं ते हिरवं त्यानं हातानं दुरुस्त केलेल्या जुन्याच क्लासचं! आधी पुसा, मग बिल्ड करा — ऑफिसात नव्या मुलांना हेच घोकायला लावते मी. आणि माझ्या भरवशावर राहिला असता तर...

ओल्या हातांनीच त्याचा चेहरा धरला.

"अगं, चष्मा!" म्हणाला. पण मागे सरला नाही.

१३ मार्च

ऑफिसातलं एक बिल्ड पंधरवडाभर माझ्याच्यानं सुटत नाहीये. घरात अवाक्षर काढलेलं नाही.

उद्या: माझं बिल्ड कुठे अडलंय ते त्याला विचारणे.