चड्डीला माती न्हाय

रविवार, मार्च १९९९. संध्याकाळ.

टीव्हीवर भारत आज परत हरला. चार गोल खाल्ले आणि मॅच संपली तरी एकाच्याबी चड्डीला माती न्हाय! ह्यास्नी फुटबॉल खेळायला पाठवलंय की लग्नाला?

माझं म्हणणं सोपं हाय. सगळ्या टीमला महिनाभर कोल्हापुरात, आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमबरोबर आणून ठेवा. गवत नसलेल्या ग्राउंडवर पळवा, तांबडा रस्सा पाजा, आणि हरले की आमच्या पेठेतनं चालत न्या. इथं हरून आलेल्या पोराला चहावालासुद्धा चहा देत न्हाय. खरं तर टीमच बदला. आमच्या तालमीचीच अकरा पोरं पाठवा की!

हे सगळं बायकोला तावातावानं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "व्हय हो, पण गोलात कोण उभा ऱ्हाणार?"

आमचा गोलकीपर म्हणजे उघडं दार. अख्ख्या कोल्हापुरात खरा गोलकीपर एकच, पलीकडच्या पेठेतला, आमच्या कट्टर वैरी तालमीचा सलीम. मॅच संपल्यावर त्याची चड्डी बघावी, नुसती माती.

पण त्याला घ्यायचं? पलीकडच्या पेठेतल्याला? आमच्यात?

न्हाय. भारतानं आणखी चार खाल्ले तरी चालतील.