गवताच्या गाडीवर माझं वजन

३ एप्रिल, सकाळ
आजपासून प्रशिक्षण केंद्राच्या बागेवर रुजू. हुद्दा तात्पुरता माळी, पण बसून गवत कापायची गाडी हाताखाली आहे, म्हणजे जवळजवळ ड्रायव्हरच. राहायला इमारतीमागे दोन खोल्या. हिला खोल्या फार आवडल्या. खिडकीतून सगळं लॉन दिसतं, तेही आवडलं. मला ते तितकंसं आवडलं नाही.
केंद्राच्या व्यवस्थापक साहेबांना सांगून टाकलं, यंत्रं माझ्या हाताखाली आली की मुकाट चालतात.

३ एप्रिल, संध्याकाळ
सपाट भाग झकास झाला. मग उतार. इमारतीमागे लॉन एकदम खाली जातं ते थेट तळ्यापर्यंत. तळ्याला कठडा नाही. मुलाखतीत तळ्याचा विषयच निघाला नव्हता.
गाडीचं तोंड उताराकडे वळवलं आणि ती बंद पडली. चालू केली, परत बंद. पेट्रोलमध्ये कचरा असणार. घाबरलो वगैरे अजिबात नाही. तळहाताला घाम आला तो उन्हाने. आभाळ भरून आलं होतं, पण ढगातलं ऊन जास्त लागतं.

४ एप्रिल
टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं. एअर फिल्टर झटकला. प्लग काढला, पुसला, लावला. एक वॉशर उरला, जास्तीचा असावा. सपाटावर गाडी सुरळीत. उताराच्या तोंडाशी बंद. निष्कर्ष: गाडीला उताराची भीती वाटते. अशा भित्र्या यंत्राशी प्रेमानेच वागायला हवं.
ही खिडकीतून बघत होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, जेवायला चला.

६ एप्रिल, सोमवार
साहेब फिरत फिरत आले. उतारावरचं गवत गुडघ्याला लागतंय म्हणाले. मी म्हणालो, मुद्दाम वाढवलंय, मुळं धरायला. त्यावर म्हणाले, शनिवारी वरची मंडळी येणार आहेत. तोवर उतार कापून झाला नाही तर दुसरा माणूस बघावा लागेल, आणि मग खोल्याही त्यालाच द्याव्या लागतील. आवाज अगदी मऊ. ओरडणाऱ्या साहेबाचं काही वाटत नाही, मऊ बोलणाऱ्याची भीती वाटते. म्हणजे, वाटू शकते.
हिला सांगितलं नाही. तिने आज स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर कागद अंथरले, कडा कात्रीने कातरून. बघितलंत का, म्हणाली. मी छान म्हणालो आणि जेवण गेलं नाही.

७ एप्रिल
मेकॅनिकला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, सीटखाली एक स्विच असतो. सीटवर वजन पडलं नाही की गाडीला वाटतं, माणूस पडला, म्हणून ती आपली आपण बंद होते. काका, तुमचं वजन पडत नसेल.
फोन ठेवला. मागच्या नोकरीत, गोदामात, माझा शब्द मोडायची कोणाची टाप नव्हती. माझ्या नुसत्या खाकरण्याने हमाल सरळ व्हायचे. आणि इथे गाडीच्या लेखी मी बसलेलोच नाही.
ठराव: वजन वाढवणे. उद्यापासून नाही, आजपासून.

८ एप्रिल
काल रात्री दुप्पट जेवलो, सकाळी केळ्यांचा फडशा. पँटच्या खिशात दगड. मांडीवर खताची गोणी. सपाटावर गाडी खूश. उताराच्या तोंडाशी बंद. गोणी मात्र थांबली नाही. मांडीवरून निसटली आणि गडगडत तळ्यात गेली. बुडबुडे आले. ते थांबेपर्यंत मी जागचा हललो नाही.
तेवढ्यात ही ओले हात पुसत आली. नको नको म्हणत असताना गाडीवर बसली. वजनाने माझ्या निम्मी. उतारावर थोडी खाली गेली, वळली, वर आली. गाडी बंद पडली नाही. मी म्हणालो, इंजिन मी तापवून ठेवलं होतं.
ती हळूच म्हणाली, उतार आला की तुम्ही सीटवरून उठता. रोज बघतेय. मी म्हणालो, उठत नाही, सावध होतो. ती म्हणाली, सावध होताना बूड चांगलं वीतभर वर जातं. मी कापू का उतार? मी नाही म्हणालो. बायको गाडीवर आणि मी खाली, साहेबांनी पाहिलं तर काय इज्जत राहील.

१० एप्रिल, सकाळ
परवापासून हिचं बोलणं डोक्यात. उठत नाहीच, पण समजा उठत असलो, तर? उपाय सापडला आहे. बॅगेचा पट्टा घेऊन स्वतःला सीटला आवळून बांधायचं. उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही. हिला बोललो नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय ते पेनमुळे.

१० एप्रिल, दुपार
गाडी बंद पडली नाही.
उताराच्या तोंडाशी मी सावध झालो, पट्ट्याने खाली ओढलं आणि गाडी निघाली ती निघालीच. ब्रेक पायाशी असतो. पाय त्या वेळी स्टिअरिंगवर होते. ते तिथे कसे गेले हे सांगता येत नाही. तळं मोठं होत होतं. ओरडलो मी नाही, इंजिनाचा आवाज होता, असं मी हिला सांगितलं. ती म्हणते, इंजिन पाण्यात शिरताच बंद पडलं होतं, ओरडणं बराच वेळ चालू होतं.
पाणी गुडघ्याएवढंच निघालं. पट्टा सुटेना. हिने पळत येऊन भाजीच्या सुरीने कापला. सुरी पोटाच्या इतक्या जवळून फिरली की मला सुरीचीच भीती वाटली. गाडी उलटली असती तर, एवढंच म्हणाली आणि काठावर बसून रडली. मग मला राहवलं नाही, शनिवारचं आणि खोल्यांचं सगळं सांगितलं. तिने डोळे पुसले. मला आधी का नाही सांगितलंत, म्हणाली.
संध्याकाळी मेकॅनिक आला. गाडी ओढून काढली, भिजलेला प्लग बदलला. ब्रेक उत्तम आहे, असं विनाकारण दोनदा म्हणाला.

११ एप्रिल, शनिवार
जाग आली ती गाडीच्या आवाजाने. ही उतारावर. बूट शोधून बाहेर येईपर्यंत अर्धा उतार झाला होता. प्रत्येक वेळी ती तळ्याकडे निघाली की माझा श्वास अडकायचा आणि वळली की सुटायचा.
साहेब आले. मी म्हणालो, हिला शिकवतोय. ती वर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, भीती नाही का वाटत? ती म्हणाली, वाटते की. पण मी बसून घाबरते.
नोकरी तिच्या नावावर झाली. खोल्या राहिल्या. मला साहेबांनी दंताळं दिलं, तिच्या मागून कापलेलं गवत ओढायला. उभ्याने करायचं काम आहे, तुम्हाला जमेल, म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यातला गुण बरोबर हेरला.