सीतेच्या लग्नातली माणसं

अण्णा, देवळाच्या सभामंडपातली तुमची भिंत आता नुसती पांढरी आहे. चुन्याचे तीन हात दिले, तरी पावसाळ्यात तिच्यावर ओल उमटतेच. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्ही असतात तर हे सांगायला मला तोंड झालं नसतं, म्हणून आता लिहितो आहे.

तुम्ही परांचीवर बसून करवंटीत गेरू कालवता आहात, हे अजून दिसतं. भिंतीवर सीतेचं लग्न चाललंय आणि जनकाच्या दरबारात सगळी रत्नागिरी लोटली आहे. कचेरीतले कारकून, तांबट, बंदरावरचे खारवी, मोहल्ल्यातला, गलबत हाकणारा म्हातारा तांडेल टोपी घालून. पुजारीबुवा कुरकुरले, "अहो, मिथिलेत मासळीची पाटी कुठनं आली?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "लग्न म्हटलं की गाव येणारच. आता कुणाकुणाला परत पाठवू?" पुढं तो रिवाजच पडला. नवी सून गावात आली की तिला आधी त्या भिंतीपाशी आणायची आणि बोट दाखवून सांगायचं, हा तुझा आजेसासरा, ही त्याची बहीण, पाया पड. फोटो काढायची ऐपत किती घरांत होती? मेलेली माणसं तिथंच भेटायची.

मी मुंबईहून चित्रकला शिकून सुट्टीत आलो तेव्हा त्या भिंतीसमोर उभा राहून हसलो होतो. "अण्णा, हात गुडघ्याखाली गेलेत सगळ्यांचे." तुम्ही रागावला नाहीत. "हात मोजायला शिकलास, बरं झालं. तोंडं बघ आता," एवढंच म्हणालात. मी बघितली नाहीत.

तुम्ही गेलात, पुढं गावात बोलपट आले. पंचमंडळी म्हणू लागली, शहर झालं आता, देऊळ खेडवळ कसं चालेल? मला हेच हवं होतं. तुमच्या चित्रावरच मी तैलरंगात नवं लग्न रंगवलं. खांब, गालिचे, लांबवर गेलेला महाल, आणि गर्दीत गावातलं कुणी नाही. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. जांभ्या दगडाची भिंत खालून पाणी ओढते, तिला श्वास घ्यायला चुनाच लागतो, हे तुम्ही मला लहानपणापासून सांगत होतात. मला वाटलं, तेल लावलं की ओल आत येणार नाही. ती आत होतीच, तिला बाहेर पडायला वाट राहिली नाही. श्रावणात फोड आले आणि गणपतीच्या आधी माझा रंग तुमच्या चुन्यासकट खाली आला. उघडा जांभा दिसत होता. माझं चित्र गेलं त्याचं मला आज काही वाटत नाही.

गावानं मला शिव्या दिल्या नाहीत. सुना देवळात यायच्या, देवाला हात जोडून सरळ घरी जायच्या. एक खारवीण म्हातारी मात्र माझ्या दारात येऊन बसली. तिचा नवरा मचव्याबरोबर समुद्रात गेलेला, प्रेतही मिळालं नव्हतं.

"माज्या घोवाचं तेवडंच तोंड ऱ्हायलं व्हतं रं, उजव्या कोपऱ्यात. तू काढून दे परत."

"कसा दिसायचा गो तो?"

"मला काय इचारतस? तू रंग फासलास ना त्याच्यावर?"

मी तीनदा काढला. "ह्यो न्हवं," ती दर वेळी म्हणाली. चौथा कागद तिनं बघितलाही नाही. उठता उठता म्हणाली, "ऱ्हावंदे. त्याच्या मागं तुजा बापूस व्हता, करवंटी घेवन. तोबी गेलाच की."

अण्णा, तुम्ही स्वतःला त्या गर्दीत काढलं होतंत, हे मला ठाऊक नव्हतं. घरात तुमचा एकही फोटो नाही. मी तुमचं चित्र काढायला बसतो तेव्हा कान जमतात, पागोटं जमतं, मधली जागा कोरी राहते.

हा कागद टपालात टाकायचा नाही, ट्रंकेत ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही देवळातल्या चित्रावर कधी आपलं नाव घातलं नाहीत. मी घातलं, लाल रंगात, इंग्रजीत, उजव्या कोपऱ्यात. तिथं खारव्याच्या मागं कुणीतरी उभं आहे, एवढं मला त्या कोपऱ्यावर पहिला रंग फासताना दिसलं होतं. कोण, ते मी बघितलं नाही.