पाटीवर माझ्या नावाखाली

९ ऑगस्ट ८७, मानवत
दत्ताच्या दुकानाला पाटी करायची ठरली. पेंटर येऊन फळी मोजून गेला. "दत्ता मिस्त्री मोठ्या अक्षरात. अन् ह्यांचं?" ह्यांचं म्हणजे माझं. द. म्हणाला, "नाव गणपत. खाली काय लिव्हायचं ते त्यालाच इचार."
सांगता येईना. मला वेल्डिंग येत नाही, गळक्या पत्र्याला डाग देता येत नाही. दहावी अर्धीच. शिवारात हिंडतो, फवारणीचा पंप लोक कसा वापरतात ते बघतो, येऊन द.ला सांगतो. तो पंपात तशी दुरुस्ती करतो. माझ्या ह्या कामाला काय म्हणतात?
पेंटर : "मग हेल्पर लिहू का?"
त्याचा रंगाचा डबा लाथाडावा वाटला.

११ ऑगस्ट
वालूरला. वाटेत धनगर मेंढ्या कातरत होते, बघत बसलो. निम्मा दिवस तिथंच. मग शेवंताकाकूच्या कापसात. भरलेला पंप पाठीवर चढवायला दुसरं माणूस लागतं. काका नसले की काकू पंप बांधावर ठेवते, त्याला पाठ लावून बसते, पट्ट्यात हात घालते, उठते. पंपाचं बूड गोल. कलंडतो. औषध लुगड्यावर.
"काकू, असं रोज सांडतं?"
"रोजच की. तुमी नुसतं बघायलाव व्हय? धरा की जरा!"
धरला.
द.ला सांगितलं, बुडाला तीन पाय लाव.

१६ ऑगस्ट
पायाचा पंप काकूला नेऊन दिला. एकटीच उठली, अन् हसली. हे मी बघितलं, द.नं नाही.
दुकानावर आज गर्दी. जो येतो तो "दत्ता मिस्त्रीचा पायाचा पंप" म्हणतो. द. पण "हां हां, बसवून देतो" करायलाय. एकदा तरी माझ्याकडं बोट करावं की नाही... नाही केलं. दुपारी वहिनीनं, म्हणजे द.च्या बायकोनं, त्याला आधी वाढलं. रोजच वाढते. आज डोळ्यात खुपलं.

२१ ऑगस्ट
मामानं सेलूचं स्थळ आणलं. पाहुणे दुकानातच आले. मुलीचे वडील मामाला, "पोरगा काय करतो?"
"मिस्त्रीकडं असतो."
"असतो हो. करतो काय?"
मामा चहा पुढं करत, "फिरतो."
मग पाहुणे चहा पीत द.शीच बोलत बसले. त्याचं लग्न झालंय कळल्यावर चेहरा उतरला त्यांचा. बरं वाटलं. मग आणखीच वाईट वाटलं.

२९ ऑगस्ट
आठवडाभर झड. काल दुपारी उघडलं, अन् आज एक शेतकरी पंप घेऊन दुकानात. काळ्या रानात पंप टेकवला, त्याचा एक पाय रुतला, पंप उलटा. औषध त्याच्या भावाच्या तोंडावर. रात्रभर उलट्या. आता बरा आहे.
द. लगेच : "पायाची आयडिया ह्या गणपतची."
पहिल्यांदाच नाव घेतलं माझं!
शेतकरी माझ्याकडं वळला. "तुमी मिस्त्री हाव का?"
"नाही."
"मग कोन हाव तुमी?"
मी कोरड्या बांधावर बघून सांगितलं होतं. झडीत रानात गेलोच नाही, हॉटेलात कॅरम खेळत होतो.

३० ऑगस्ट
त्याच शेतकऱ्याच्या रानात गेलो. गुडघाभर चिखल. त्याचा भाऊ खाटेवर. मी भरलेला पंप स्वतःच पुन्हा पुन्हा टेकवून, चढवून बघितला. पाय नकोत. बुडाखाली रुंद पट्टीचं कडं पाहिजे, परातीसारखं चिखलावर बसणारं. निघताना भाऊ म्हणाला, "आता नीट बघा म्हंजे झालं."
द.ला सांगितलं. तो : "करू. पण ह्यावेळी लोकाला आधीच सांगतो, कडं गणपतचं. शिव्या बी तुलाच."
"येऊ दे."

२ सप्टें.
पेंटर आला. 'दत्ता मिस्त्री' लिहून झालं. पिवळं धमक. रस्त्यावरून दिसतं. मी बघतच राहिलो, जळत.
द.नं हळूच सांगितलं, "तुज्या बी नावाखाली मिस्त्रीच लिवू दे की. कोन इचारतंय?"
मन झालं. लय झालं. पण ते त्याचं आहे. उद्या कुणी डाग द्यायला सांगितलं तर...
पेंटरला म्हणालो, "नाव लिहा. खालची जागा राखून ठेवा."
"किती अक्षरांची?"
त्यानं अंदाजानं खडूची रेघ मारली. मी ती पुसायला लावली अन् 'मिस्त्री'पेक्षा लांब मारून घेतली.