आईंच्या हातची डाळ

२२ मार्च
कुंदाचा ताप उतरला. थर्मामीटर झटकून पुन्हा लावला, तरी विश्वास बसेना. क्लोरोच्या (क्लोरोमायसेटिन) कॅप्सूलांनी लेक परत आणली. आईंनी (सासूबाई) देवापुढची साखर चिमटीने तिच्या तोंडात घातली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.
पण डोक्यातून जात नाही. मागच्या साली धाकटे भावजी, दिवाळीनंतर वरच्या मजल्यावरची तिवारींची बहू, आता कुंदा. तिघांनाही मुदतीचा ताप, टायफॉइड. कॉलेजात मी पोरांना शिकवते की हा ताप आभाळातून पडत नाही, कुणाकडून तरी येतो. मग आमच्याकडे कुणाकडून?

२५ मार्च
घरातल्यांचे शौचाचे नमुने लॅबमध्ये नेले. डबी देताना ह्यांचं तोंड बघण्यासारखं. "तू तर आता घरात पण लॅब खोलून बसलीस." नळाचं पाणी, राऊ गावाहून येणारं दूध, तेही घेतलं.
आईंना मागितलं नाही. त्या सोवळ्यात होत्या. सोवळ्यातल्या बाईकडे असली डबी मागायची कशी? लॅबमधल्या आमच्या सरांना सांगितलं, तर तेही म्हणाले, "आजीबाईंना राहू द्या. त्यांच्याइतकं स्वच्छ तुमच्या घरात कोण आहे?" सर एवढे शिकलेले, पण शेवटी आमच्यासारख्याच घरांतले.

२९ मार्च
सगळे नमुने साफ. दूधवाल्याला उगाच झापलं होतं. तो म्हणतो, "बाईजी, पानी मिलाता हूँ, बीमारी नहीं मिलाता."

४ एप्रिल
जेवताना कुंदाच्या गळणाऱ्या केसांवरून विषय निघाला. आई म्हणाल्या, "येतील परत. गौतमपुऱ्याला असताना मला हाच ताप आला होता. सगळे केस गेले होते. मी उठले आणि मग नानूला आला. तो नाही उठला." नानू म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, लहानपणीच गेलेले. एवढं बोलून आईंनी माझ्या पानात भात वाढला, वर हाताने मीठ.
भात बाजूला सारला. ह्या घरात स्वयंपाकाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. सोवळं. आम्ही सगळे एकाच हातचं खातो. तिवारींच्या बहूलाही वाटी इथूनच जाते. आणि मी बसले होते दूधवाल्याच्या मागे.

५ एप्रिल
सरांशी बोलले. माणूस बरा होतो, रक्त बहुतेक जंतू मारून टाकतं. काही मात्र पित्ताशयात जाऊन बसतात, तिथे खडे असले तर त्यांची सोयच. शिवाय ह्या जंतूच्या अंगावर एक पांघरूण असतं. त्याखाली तो असला की शरीराला ओळखू येत नाही. घरात शिरलेला चोर शाल पांघरून पाहुण्यांत बसावा, तसं. बाई ठणठणीत, आणि रोज थोडे बाहेर. हे सगळं मी फळ्यावर कितीदा काढलंय. चित्रात चेहरा नसतो.
सर म्हणाले, त्या पांघरुणाविरुद्धच रक्तात काही सापडतं का बघू, अशा माणसांत बरेचदा सापडतं. आईंना अशक्तपणाची तपासणी म्हणून सांगितलं. त्यांनी दंड पुढे केला. "घे. फक्त माझी पूजा होऊ दे."
खोटं बोलले. इलाज नव्हता.

८ एप्रिल
सापडलं. पुरावा नव्हे, संशय. शौचाचा नमुना लागणारच.
ह्यांना गच्चीवर नेऊन सांगितलं. आधी हसले, मग चिडले. "आईला हे सांगणार तू? जिंदगीभर सोवळं केलं तिने. मर जाएगी वो." मग जरा थांबून, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू होऊन जाऊ दे ना. मग सांग." म्हटलं, त्या दिवशीच तर सगळी गल्ली येणार, पोरंबाळं घेऊन. आंब्याची डाळ कच्ची वाटायची, हाताने कालवायची. "उकळून नाही का करता येत?" डाळ उकळतात? वरण करू काय हळदीकुंकवाला? दोघंही हसलो.

१० एप्रिल
आईंना सांगितलं. ह्यांची वाट बघितली नाही.
आईंनी मधे एकदाही तोडलं नाही. मग तळवे उलटेपालटे करून बघितले. "अगं, पण मी तर कुणाला शिवू देत नाही."
"हात धुऊनही थोडे जंतू राहतात, आई. तुमचा दोष नाही."
"दोषाचं कोण बोलतंय?" त्यांनी तळवे पदराला पुसले. मग, "वसू, नानूच्या वेळीही हे माझ्या हातात होते का गं?"
"कळायला मार्ग नाही, आई."
लॅबमध्ये हे वाक्य खरं ठरेल. त्यांच्यासमोर ते पळवाट वाटलं.

११ एप्रिल
सकाळी मोरीच्या कोपऱ्यात डबी. बाहेरून घासून लख्ख, वर कोरा कागद, दोरा गुंडाळलेला. मला रडू आलं.

१५ एप्रिल
आईंच्या नमुन्यातून जंतू वाढले. माझ्या हातांनी प्लेट उघडली. शिकताना असं काही सापडलं की आनंद व्हायचा.

२० एप्रिल
हळदीकुंकू झालं. डाळ मी केली. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर पाटावर बसून सांगत होत्या: कैरी आणखी, मिरची बस, फोडणी गार होऊ दे. आत एकदाही आल्या नाहीत. तिवारींची बहू खाऊन म्हणाली, "माताजी के हाथ वाली बात नहीं है, भाभीजी." आई म्हणाल्या, "अब इसी के हाथ की खाओ, बेटी." आणि विड्याचं पान लावायला पुढे केलेला हात मागे घेतला.

२ मे
क्लोरोने दडून बसलेले हलत नाहीत. दोन वाटा. पित्ताशय कापून काढायचं, किंवा एक नवं औषध, पेनिसिलिनच्याच घराण्यातलं, पित्तात उतरतं म्हणतात. सरांचे एक मित्र विलायतेहून आणताहेत. हे म्हणतात, ऑपरेशन ह्या वयात नको. आईंचं आपलं एकच, "कापलं की नक्की जातील ना?" म्हटलं, बहुतेक. "मग आधी गोळ्या दे. बहुतेकसाठी पोट नाही कापून घ्यायचं."

१० जून
गोळ्या संपल्या. प्लेट साफ आली. सर खूष. मला खूष होता येत नाही. जंतू कधी बाहेर पडतात, कधी पडत नाहीत. एका प्लेटवर काय ठरणार? पुन्हा बघायचं, पुन्हा पुन्हा. आईंना तसंच सांगितलं. "म्हणजे गेले असतीलही, आणि बसले असतीलही." हो.
संध्याकाळी कुंदा ताट घेऊन थेट त्यांच्यापाशी गेली. पोरगी आता चांगली भरली आहे, केसही येऊ लागलेत. "आजी, तू भरव ना. आई भरवते तर मजा नाही येत."
आईंचे दोन्ही हात पदराखाली. कुंदाने आ केला होता. आई माझ्याकडे बघत होत्या.