गल्ली भरलेली आहे

३ मार्च
सकाळी बायको जिन्यातच खाली बसली. धाप. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. नर्सबाई म्हणाल्या, दवाखाना बंद करणार आहेत, गल्लीत माणसंच उरली नाहीत. काहीतरीच! निम्म्याहून जास्त घरांना कुलपं आहेत, मान्य. पण मालक सुट्टीत येतात की समुद्र बघायला. म्हणजे माणसं आहेत, सध्या नाहीत इतकंच. बायको म्हणते, मुलीकडे जाऊ. मी साफ नाही म्हटलं. वर्षभरात गल्ली गजबजेल.

६ मार्च
बुधवारी अधिकारी पाहणीला येणार, गल्लीत माणसं दिसली तर दवाखाना राहील. प्लॅन रेडी. बंद घरांच्या किल्ल्या माझ्याकडेच असतात. प्रत्येक गॅलरीत कपडे वाळत घालायचे. कपडे दिसले की माणसं आलीच.

१० मार्च
रंगीत तालीम. आमचे कपडे अर्ध्या गल्लीतच संपले. मग चादरी काढल्या. बायको नुसत्या गादीवर झोपली, भिंतीकडे तोंड करून. मनातून कौतुक वाटत असणार.

११ मार्च, दुपार
तिला पुन्हा धाप लागली. दवाखाना दुपारचा बंद. पाठ चोळली, पाणी पाजलं. हात गार पडले होते तिचे. म्हटलं, उद्या अधिकारी येतोय, एक दिवस कळ काढ.

१२ मार्च
अधिकारी आला. गॅलऱ्या बघून थबकला. मनात म्हटलं, जिंकलो! त्यानं विचारलं, सगळ्या घरांत शर्ट एकाच मापाचे कसे? गल्लीत एकोपा आहे, मी सांगितलं. मग आमच्या घरात किती जण, म्हणाला. दोन, मी म्हणालो.
बायको बॅग घेऊन बाहेर आली.
"एक लिहा," ती म्हणाली. "मुलगी न्यायला आलीय मला."

१५ मार्च
दवाखान्याला कुलूप. नर्सबाई जाताना म्हणाल्या, तुम्हीही निघा आता. हसलो. पाय रोवून उभा राहणारा एक तरी माणूस लागतोच. बायकोला तिकडे करमायचं नाही. येईल.

१९ मार्च
मुलीच्या घरी फोन केला. सहजच. बायकोनं उचलला. धाप लागत नाही आता, डॉक्टर खालच्याच मजल्यावर आहेत म्हणाली. मी म्हटलं, इथे सगळं झकास. मग विचारलं, जागा आहे का तिथे?
"दोन खोल्यांत सहा जण आहोत," ती म्हणाली. "दारापाशी झोपावं लागेल."
चालेल, म्हणालो.